अभिजात शोकात्मिकांची दूरचित्रवाणी रूपांतरे (प्रारंभकाल)

रंगभूमीवरील अभिजात शोकात्मिकेची संहिता आटोपशीर करून ती दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतून थेट सादर करण्याची पद्धत. १९३६ पासून व्हिडिओटेप रुळेपर्यंत, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, तिचा मुख्य काळ मानता येईल.

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटकांतले निवडक प्रवेश दाखवले गेले. १९३८ मध्ये डॅलस बावर यांनी ‘ज्यूलिअस सीझर’ आधुनिक वेशात सादर केले. महायुद्धामुळे सप्टेंबर १९३९ ते जून १९४६ ही सेवा बंद होती. ती पुन्हा सुरू झाल्यावर १९४७ मध्ये ‘हॅम्लेट’ दोन भागांत झाले.

या सादरीकरणांना चित्रपटापेक्षा ‘प्रयोग’ हाच शब्द शोभतो. एकदा सुरुवात झाली की थांबण्याची सोय नव्हती. वाक्य विसरले तरी नटाने निभावून न्यायचे. बीबीसीचे रविवारचे नाटक गुरुवारी पुन्हा दाखवायचे, तर सारा नटसंच स्टुडिओत परत येऊन ते पहिल्यापासून करत असे.

स्टुडिओची जागा अपुरी आणि पडदा लहान, त्यामुळे सीझरच्या प्रेतापुढचा खवळलेला जमाव मूठभर माणसांवर आला. स्वगताला मात्र नवे बळ मिळाले. नाट्यगृहात ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागते. इथे कॅमेरा चेहऱ्याशी आल्याने नट जवळजवळ कुजबुजत बोलू शकला. हा लाभ खरा होता, आणि तो रंगभूमीला देता येण्यासारखा नव्हता.

खरी कसोटी काटछाटीची. एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर मॉरिस इव्हान्स यांचे ‘हॅम्लेट’ दोन तासांत बसवले गेले. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सीबीएसच्या ‘ऑम्निबस’ कार्यक्रमात पीटर ब्रुक यांनी ‘किंग लिअर’ सुमारे ७३ मिनिटांत आणले. लिअर होते ऑर्सन वेल्स. त्यासाठी लिअरचा सरदार ग्लॉस्टर याची दोन मुले, एडमंड आणि एडगर, पूर्ण वगळली. मूळ नाटकात वेड्या टॉमचे सोंग एडगर घेतो. इथे टॉम हा निव्वळ वेडा भिकारी उरला. लिअरची पडझड त्यामुळे एका दमात, न अडखळता दिसते. पण वादळात राजा ज्याला उघडावाघडा माणूस म्हणून न्याहाळतो तो बापाने हाकललेला मुलगा आहे, ही प्रेक्षकाची जाण हरवली. मुलींनी झिडकारलेला बाप आणि बापाने झिडकारलेला मुलगा समोरासमोर येणे हा त्या प्रसंगाचा गाभा आहे. वाचलेल्या मिनिटांसाठी ही किंमत जबर होती.

१९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओटेप आणण्यापूर्वी मॉनिटरवरचे दृश्य फिल्मवर टिपणे, म्हणजे किनेस्कोप, हाच नोंद ठेवण्याचा मुख्य मार्ग होता. ‘लिअर’चा किनेस्कोप शिल्लक असल्याने ही काटछाट आजही पडद्यावर तपासता येते.