टायगर बार्ब : थव्यातील आक्रमकता

टायगर बार्ब हा घरगुती मत्स्यालयात पाळला जाणारा, थव्याने राहणारा गोड्या पाण्यातील मासा. शास्त्रीय नाव पुंटिग्रस टेट्राझोना; कुल सिप्रिनिडी, म्हणजे रोहू-कटल्याचेच. डच मत्स्यशास्त्रज्ञ पीटर ब्लीकर यांनी १८५५ मध्ये सुमात्रातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. लांबी साधारण ७ सेंमी.पर्यंत, सोनेरी अंगावर चार काळे उभे पट्टे. नराच्या नाकाडावर व परांच्या कडांवर लाल रंग उठून दिसतो. हिरवा आणि पांढरट ‘अल्बिनो’ हे पैदाशीतून आलेले प्रकार, स्वभाव तोच.

शेजाऱ्यांचे पर कुरतडणारा म्हणून हा मासा बदनाम आहे. ‘टायगर कोणाला सोडत नाही’ असे बजावत दुकानदार चार मासे पिशवीत भरून देतो, आणि खरी गोम त्या चार या आकड्यातच असते.

टायगर बार्बच्या थव्यात मानाची उतरंड असते व ती रोज नव्याने तपासली जाते. दोन नर शेजारी-शेजारी येतात, पर ताणतात, डोके किंचित खाली घालून एकमेकांभोवती गोल फिरतात. एखादी धडक, थोडा पाठलाग, आणि लगेच दोघेही दाणे टिपायला मोकळे. हे चालायचेच, ते पूर्ण थांबवायचा प्रयत्न करू नये. मासे तीन-चारच असले की मात्र तळच्या माशाला सुटका नसते, सगळ्यांचा रोख त्याच्यावरच राहतो. थवा आठ-दहाचा झाला की हा रोख वाटला जातो आणि थव्याबाहेरच्या माशांनाही बरीच उसंत मिळते. भांडखोर माशांवर उपाय म्हणून तेच मासे आणखी आणावेत, हे नवख्याला पटत नाही. पण इतर उपायांचा खटाटोप बहुतेक वेळा याच्यानंतर करावा. माद्या जास्त ठेवल्या तर नरांची चुरसही कमी होते.

संख्या वाढवायची तर टाकीही तशी हवी. बाजारातली दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ भरली तरी ५६ लिटरच्या आसपास पाणी घेते, आणि वाळू-दगड वजा जाता त्याहून कमी. ती लहान थव्याला कशीबशी पुरते. तीन फुटी टाकी केव्हाही बरी. टाकीच्या उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हा मासा आडवा धावतो. मासे वाढले की घाणही वाढते. म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, आणि नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे.

रोजच्या खेळकर झटापटीतून छळ सुरू झाल्याचे ओळखू येते. एखादा मासा फिल्टरच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात दबून राहतो, खायला पुढे येत नाही, त्याचे पट्टे फिके पडतात, शेपटीला फाटके टोक दिसते. फाटलेल्या परावर कापसासारखी बुरशी धरायच्या आत त्याला वेगळे काढावे. (रात्री डोके खाली करून स्थिर उभा असलेला टायगर बहुधा आजारी नसतो, विसावलेला असतो.) आणखी एक गोष्ट : या गटातील माशांच्या त्वचेला इजा झाली की पाण्यात एक रसायन मिसळते आणि बाकीचे मासे बिथरतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो या छोट्या माशांवर हे दाखवले.

मांडणी बदलणे हा स्वस्त आणि गुणकारी उपाय. दगड, लाकूड, झाडे इकडची तिकडे केली की प्रत्येकाचे कोपरे मोडतात आणि हद्दीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो; नवे मासे सोडायचे ते याच वेळी. नजर अडेल अशी दाट झाडे कडेने लावावीत, मधला भाग पोहायला मोकळा ठेवावा. खाद्य एकाच जागी न टाकता दोन्ही टोकांना, थोडे-थोडे द्यावे. दादागिरी करणाऱ्याला आठवडाभर दुसऱ्या टाकीत ठेवून परत आणले, तर त्याला नवख्यासारखी जागा शोधावी लागते. दाद्याऐवजी मार खाणाऱ्यालाच हलवणे फारसे उपयोगी नाही. त्याची जागा दुसरा दुबळा मासा घेतो.

सोबतीची निवड चुकली तर थवा मोठा असूनही निभावत नाही. एंजलचे लोंबते पर, गुरामीच्या दोऱ्यासारख्या मिशा, गप्पी आणि फायटरच्या झुलत्या शेपट्या म्हणजे टायगरला उघड आमंत्रण. झेब्रा डॅनिओ किंवा रोझी बार्ब यांसारखे चपळ, आखूड परांचे मासे चालतात. क्लाऊन लोच शोभतो खरा, पण तो फूटभर वाढतो, हे विकताना क्वचितच कोणी सांगते.

एवढे करूनही एखादा नर ऐकत नाही. त्याला वेगळी टाकी द्यावी किंवा दुकानात परत करावा. नदी-तळ्यात सोडू नये. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा दक्षिण अमेरिकेतला सकरमाऊथ हा मुळात काचेच्या टाकीतलाच मासा.