फोर्टचा हेरिटेज वॉक (मुंबई)

मुंबईच्या फोर्ट भागात गाईडबरोबर पायी फिरून जुन्या इमारती, रस्ते आणि त्यांच्या मागचा इतिहास बघायचा, याला सगळे सरळ हेरिटेज वॉक म्हणतात, मराठीत वारसा फेरी असा शब्द आहे पण बोलताना तो फार कोणी वापरत नाही. साधारण दोन ते अडीच तास लागतात आणि अंतर म्हणाल तर दोन-तीन किलोमीटरच्या वर जात नाही, कारण वेळ चालण्यात कमी आणि थांबून वर बघण्यात जास्त जातो. बहुतेक वॉक रविवारी सकाळी साडेसात-आठला सुरू होतात. हा सगळा ऑफिसांचा एरिया असल्यामुळे रविवारी इथे शुकशुकाट असतो, रस्त्याच्या मधे उभं राहून छताकडे बघता येतं, जे सोमवारी केलं तर मागून हॉर्न वाजलाच म्हणून समजा.

या वॉकची खरी गंमत अशी की ज्या किल्ल्यावरून एरियाला फोर्ट नाव पडलं तो किल्ला आता जवळजवळ नाहीच. जुनी मराठी माणसं या भागाला कोट म्हणायची. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, राजाने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, आणि गावाभोवतीचा तट उभा राहिला तो चार्ल्स बून गव्हर्नर असताना, म्हणजे १७१५ नंतर. तटाला तीन मोठे दरवाजे, दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट आणि उत्तरेला बझार गेट, पूर्वेला समुद्र. पुढे दीडशे वर्षांनी बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात हा तट पाडून टाकला, कारण लष्करी उपयोग संपला होता आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, शहरात पैसा ओसंडून वाहत होता आणि जागा पुरत नव्हती. आज आपण ज्या भव्य इमारती बघायला जातो, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी वगैरे, त्या त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर आणि तटाबाहेरच्या मैदानाच्या कडेने आल्या. चर्चगेट स्टेशनात रोज लाखो लोक उतरतात, दरवाजा जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी नाव तसंच.

आता मराठी माणसाने या वॉकला का जावं, तर माझ्या मते याच तटासाठी. तो कोणाच्या भीतीने बांधला हे बघा. बूनच्या काळात कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता, कंपनीची जहाजं सुरक्षित नव्हती, बूनने विजयदुर्ग आणि खांदेरीवर आरमार पाठवलं आणि दोन्हीकडून हात हलवत परत आलं. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईत घबराट झाली, तेव्हा तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढून दिले. म्हणजे ज्याला आपण इंग्रजांचं शहर म्हणतो त्याची आखणी बऱ्याच अंशी तटाबाहेरच्या मराठ्यांकडे बघून झालेली आहे. आणि टाऊन हॉलच्या मागे, जिथे मूळ बॉम्बे कॅसल, म्हणजे तटाच्या आतला इंग्रजांचा किल्ला होता, तिथे आज नौदलाचा जो तळ आहे त्याचं नाव आयएनएस आंग्रे! आत जायला मिळत नाही, पण गाईडने निदान बाहेर उभं राहून हे सांगायलाच हवं, काही जण सांगतात, काही जण घाईत सोडून देतात आणि मला ते फार लागतं.

वॉकचा ठरलेला असा एकच मार्ग नाही, पण हॉर्निमन सर्कल ते सीएसएमटी किंवा काळा घोडा ते गेटवे हे दोन जास्त चालतात. हॉर्निमन सर्कलला टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. १८३३ ची इमारत, समोर त्या प्रसिद्ध पायऱ्या आणि ग्रीक पद्धतीचे दणकट खांब, आत जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळा. समोरची गोल बाग म्हणजे जुनं बॉम्बे ग्रीन, स्वातंत्र्यानंतर तिला बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं. बागेच्या पलीकडे सेंट थॉमस कॅथेड्रल, याचा पाया १६७० च्या दशकात घातला आणि मग काम चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं, चर्च उघडलं १७१८ च्या नाताळात. मुंबईतले मैल इथून मोजायचे. रोमन आकडे कोरलेले ते मैलाचे दगड अजून शहरात सापडतात, काही तर रस्त्याची उंची वाढत गेल्यामुळे जवळपास गाडले गेले होते, त्यातले काही हल्ली नीट करून परत उभे केलेत. दादर-परळकडे राहणाऱ्यांनी येता-जाता फुटपाथकडे लक्ष ठेवावं.

तिथून फ्लोरा फाउंटन. इथे चांगला गाईड असेल तर फाईलमधून जुना फोटो किंवा नकाशा काढतो आणि म्हणतो, तुम्ही आत्ता चर्च गेटच्या जागेवर उभे आहात, आणि मग पाठ फिरवून चर्चच्या दिशेचा सरळ रस्ता दाखवतो, आणि एकदम कळतं की गेटला चर्च गेट का म्हणायचे. मी बऱ्याच वॉकमध्ये बघितलंय, इथे ग्रुप दोन मिनिटं गप्प होतो. कारंजं १८६४ चं, रोमन देवी फ्लोराचं. पण शेजारी हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत ते हुतात्मा स्मारक, २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथेच गोळीबार झाला होता. एका चौकात गावाचा दरवाजा, इंग्रजांचं कारंजं आणि आपले हुतात्मे. ग्रुपमध्ये बहुतेक वेळा एखादे काका असतात ज्यांची तीस-पस्तीस वर्षं इथल्याच बँकेत किंवा इन्शुरन्स ऑफिसात गेली, ते हळूच सांगतात की रोज इथून गेलो पण मान वर करून बघितलं नाही कधी.

मान वर करायची सवय लागली की हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटी बघायला मजा येते. दोन्ही ओव्हल मैदानाच्या पूर्वेला, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झाले. टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधून घेतला, टॉवर आणि लायब्ररीसाठी मिळून ४ लाख रुपये दिले, १८६४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळून ते स्वतः बुडाले. टॉवरवर वर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, पगड्यांवरून कोण कुठला ते ओळखायचं, खालून नीट दिसत नाहीत म्हणून दुर्बीण नेलेली बरी. हायकोर्टाच्या कोरीवकामात एक माकड आहे, हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी, आणि सांगतात की पोटकंत्राटदार कोर्टात केस हरला म्हणून त्याने न्यायदेवतेचं असं माकड करून ठेवलं. माकड खरं आहे, गोष्टीचं मात्र ऐकीव म्हणूनच बघावं.

अशा ऐकीव गोष्टी या वॉकचा मोठा भाग आहेत आणि त्यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सगळ्यात फेमस म्हणजे वॉटसन्स हॉटेलमध्ये जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं. ऐकायला छान आहे पण बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. दुसरी ताज उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला ही, ती तर साफ खोटी. ताजचं मूळ डिझाईन रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, वैद्य हॉटेल उभं राहायच्या आधीच १९०० मध्ये वारले, पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं आणि १९०३ मध्ये हॉटेल उघडलं. प्रवेश मुळात शहराच्या बाजूनेच ठेवला होता. एका मराठी माणसाने एवढी इमारत आखली, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं तर ती उलटी बांधली ही अफवा, हे बदलायला पाहिजे. वॉटसन्सची खरी गोष्ट काही कमी नाही, बिडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आणून इथे जोडला, आणि ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा याच हॉटेलात दाखवला. हीच आजची एस्प्लनेड मॅन्शन.

काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्डच्या घोड्यावर बसलेल्या पुतळ्यावरून आलं. पुतळा १९६५ मध्ये हलवला आणि आता तो राणीच्या बागेत आहे, इथे २०१७ पासून नुसता घोडा उभा आहे, वर स्वार नाही. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काळा घोडा फेस्टिव्हलमध्ये फुकट वॉक असतात, पण जागा पटापट भरतात.

चर्चगेटकडे क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ ची, एका पारशी व्यापाऱ्याने खोदलेली. समुद्र एवढा जवळ असून पाणी गोडं. आत फक्त पारशी लोकांनाच जाता येतं, बाकीच्यांनी बाहेरून बघून पुढे जायचं, कुंपणावरून फोन घालून फोटो काढू नयेत, ते प्रार्थनेचं ठिकाण आहे. ओव्हलच्या पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे गोलसर कोपरे आणि साध्या रेषांच्या शैलीतल्या इमारती, त्या भराव टाकून समुद्रातून काढलेल्या जमिनीवर. पूर्वेचं गॉथिक (हायकोर्ट-युनिव्हर्सिटीची टोकदार कमानींची शैली) आणि पश्चिमेचं डेको मिळून ९४ इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, सीएसएमटीला तो २००४ मध्येच मिळाला होता. त्यानंतर वॉकना गर्दी वाढली, पण सुरुवात खूप आधीची, बॉम्बे हेरिटेज वॉक्स हा दोन आर्किटेक्ट बायकांनी सुरू केलेला उपक्रम १९९९ चा आहे. खाकी टूर्सवाले नंतरचे, ते शहराच्या इतर भागांतही नेतात. वारसा इमारतींसाठी नियम करणारं मुंबई देशातलं पहिलं शहर, ते नियम १९९५ चे, आणि ते नसते तर वर बघण्यासारखं किती उरलं असतं कोण जाणे.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं पडतं. पावसात पण जावं, काळा दगड ओला झाला की त्याच्यावरचं काम उठून दिसतं, आणि दादाभाई नौरोजी रोडवर दोन्ही बाजूंना इमारतींच्या खालून कमानींची झाकलेली वाट आहे, ती पायी चालणाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणूनच ठेवलेली. पाण्याची बाटली, टोपी, आणि नवीन बूट घालून येऊ नये. वॉक संपल्यावर इराण्याच्या हॉटेलात ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा होतोच.

तटाचा उरलेला तुकडा बघायचा असेल तर मात्र स्वतःहून जावं लागतं, कारण बहुतेक वॉक तिथपर्यंत पोचत नाहीत. सीएसएमटीच्या मागे पी. डिमेलो रोडच्या बाजूला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात, १७६९ च्या सुमाराला वाढवलेल्या फोर्ट जॉर्जचा थोडा भाग अजून उभा आहे.