ओशनिया युवा फुटबॉल चॅम्पियनशिप

ओशनिया युवा फुटबॉल चॅम्पियनशिप म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या देशांची, विशीच्या आतल्या पोरांची फुटबॉल स्पर्धा. भरवते ओशनिया फुटबॉल कॉन्फेडरेशन, सगळे तिला ओएफसीच म्हणतात, मुख्य ऑफिस न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. पहिली स्पर्धा १९७४ ला ताहितीत झाली आणि जिंकली पण ताहितीनंच. आधी ही अंडर-२० होती, २०१८ पासून अंडर-१९ केली, कारण ही स्पर्धा फिफाच्या अंडर-२० वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी होते, मग आज १९ च्या आत असलेला मुलगा पुढच्या वर्षी वर्ल्ड कपलाही वयात बसतो. साधारण दोन वर्षांनी एकदा होते, आणि इथून जो वर येतो तो थेट वर्ल्ड कपला जातो, या स्पर्धेचा सगळा जीव त्या तिकिटात आहे.

फिफाच्या सहा कॉन्फेडरेशनमधलं, म्हणजे खंडवार संघटनांमधलं, ओएफसी लोकसंख्येनं सगळ्यात छोटं. पूर्ण सदस्य अकरा: न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, वानुआतु, न्यू कॅलेडोनिया, ताहिती, सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कुक बेटं. यातले ताहिती आणि न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या ताब्यातले प्रदेश आहेत, अमेरिकन सामोआ नावाप्रमाणे अमेरिकेचा, पण फुटबॉलमध्ये हे सगळे स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या जर्सीत खेळतात. किरिबाटी आणि तुवालू ओएफसीचे सहयोगी सदस्य आहेत, फिफाचे नाहीत. लोकसंख्या किती म्हणाल तर वानुआतुची तीन लाखांच्या आसपास, आणि न्यू कॅलेडोनिया अन् ताहितीवाला सगळा फ्रेंच पॉलिनेशिया असे दोन्ही एकत्र केले तरी एकट्या कोल्हापूर शहराएवढी माणसं होतील. एवढ्यातून अकरा पोरं निवडायची आणि जर्मनी, मेक्सिकोसमोर उभी करायची, हे डोक्यात ठेवलं नाही तर पुढचे स्कोअर नीट कळणारच नाहीत.

सुरुवातीची तीस वर्षं या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचंच राज्य होतं. तेव्हा ऑस्ट्रेलिया ओशनियात खेळायचा, काही वर्षं तर तैवान आणि इस्राएलसुद्धा ओशनियात होते, आशियातल्या राजकारणामुळे त्यांना तिकडे जागा नव्हती म्हणून. १९७८ पासून २००५ पर्यंत मधला न्यूझीलंडचा एखाददुसरा विजय सोडला तर कप ऑस्ट्रेलियाच घेऊन जायचा, बाकीच्या बेटांनी यायचं, खेळायचं, चारपाच गोल खायचे आणि घरी जायचं. मग २००६ ला ऑस्ट्रेलिया आशियाच्या कॉन्फेडरेशनमध्ये गेला. त्यांना तगडी स्पर्धा हवी होती आणि ते बरोबरच होतं, पण त्याचा खरा फायदा झाला या छोट्या बेटांना. २००७ ची स्पर्धा न्यूझीलंडनं जिंकली आणि अंडर-२० वर्ल्ड कपला पहिल्यांदा गेले, तेव्हा वाटलं की आता ऑस्ट्रेलियाच्या जागी न्यूझीलंड, बाकी सगळं तेच. पण तसं झालं नाही.

डिसेंबर २००८ ला ताहितीत चारच टीम होत्या, ताहिती, न्यूझीलंड, फिजी आणि न्यू कॅलेडोनिया, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. घरच्या मैदानावर ताहिती न्यूझीलंडच्या पुढे राहून पहिली आली आणि २००९ च्या इजिप्तच्या वर्ल्ड कपला गेली. अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये फिफाच्या वर्ल्ड कपपर्यंत पोचलेला प्रशांत महासागरातला हा पहिला छोटा बेटदेश. कोच होते लिओनेल शार्बोनिए, १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममधले राखीव गोलकीपर. इजिप्तमध्ये काय झालं? स्पेनकडून ०-८, व्हेनेझुएलाकडून ०-८, नायजेरियाकडून ०-५. व्हेनेझुएलाच्या सालोमोन रोंदोननं एकाच मॅचमध्ये चार मारले. तीन मॅचमध्ये २१ गोल खाल्ले, एकही केला नाही, बाहेरच्या पेपरवाल्यांनी तेवढंच छापलं आणि विषय संपवला. पण त्याच पोरांमधले काही जण तीन वर्षांनी मोठ्यांच्या टीममध्ये होते, जून २०१२ ला सॉलोमन बेटांवर होनियारात ताहितीनं ओएफसी नेशन्स कप, म्हणजे ओशनियातली मोठ्यांची स्पर्धा, जिंकला तेव्हा फायनलमधला एकमेव गोल स्टीव्ही चोंग ह्यूचा होता आणि हा चोंग ह्यू इजिप्तला गेलेल्या टीममधलाच. त्या कपमुळे ताहिती २०१३ ला ब्राझीलमध्ये कॉन्फेडरेशन्स कप, म्हणजे खंडाखंडांच्या विजेत्यांची स्पर्धा, खेळली, तिथेही स्पेनकडून १० खाल्ले, पण नायजेरियाविरुद्ध जोनाथन तेहाउनं हेडरनं गोल केला तेव्हा अख्खं स्टेडियम, म्हणजे ब्राझीलचे लोक, उभं राहून नाचत होतं. २००८ ची ती पोरांची स्पर्धा झाली नसती तर हे पुढचं काहीच झालं नसतं असं मला ठाम वाटतं.

पुढचं दार उघडलं २०१४ ला. २०१५ चा अंडर-२० वर्ल्ड कप न्यूझीलंडमध्येच होणार होता, यजमान म्हणून त्यांची जागा पक्की, त्यामुळे ते पात्रतेच्या स्पर्धेत उतरलेच नाहीत. स्पर्धा फिजीत झाली, फिजी जिंकला. वर्ल्ड कपला पहिल्याच मॅचमध्ये जर्मनीनं ८-१ धुतलं, आणि सगळ्यांनी म्हटलं झालं, पुन्हा ताहितीचीच गोष्ट. मग जून २०१५ ला क्राइस्टचर्चमध्ये होंडुरासशी मॅच. थंडीचे दिवस, तिकडे जून म्हणजे हिवाळा, आणि हे गरम बेटावरचे पोरगे. चौदाव्या मिनिटाच्या सुमारास इओसेफो वेरेवूनं गोल मारला, मग होंडुरासच्या डिफेंडरनंच बॉल आपल्या जाळ्यात घातला, आणि हाफ टाईम झाल्या झाल्या साउला वाकानं तिसरा. ३-०. फिजीनं वर्ल्ड कपची मॅच जिंकली! तिसरी मॅच उझबेकिस्तानकडून हरले आणि ग्रुपमधूनच बाहेर पडले, पण तो विजय कुणी पुसू शकत नाही, न्यूझीलंड सोडून ओशनियातल्या कुठल्याही बेटानं या वर्ल्ड कपमध्ये मिळवलेला तो पहिला विजय.

फिजीच्या फुटबॉलशी आपलं नातं आहे ते इथे सांगायलाच हवं. १८७९ ते १९१६ मध्ये इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून साठ हजारांवर गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, फिजीला नेले, आणि तिथे फुटबॉल रुजवला तो मुख्यतः त्यांच्याच पोराबाळांनी, मूळचे फिजियन लोक रग्बीवाले. फिजीची फुटबॉल संघटना १९३८ ला सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'इंडियन' होतं, १९६१ ला ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि तो शब्द काढला. बा नावाच्या गावातल्या मोठ्या मैदानाचं नाव कित्येक वर्षं गोविंद पार्क होतं. याच मातीतला लाबासाचा रॉय कृष्णा, आपल्याकडे आयएसएल बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०१९-२० ला कोलकात्याच्या एटीके क्लबकडून त्यानं १५ गोल मारले, त्या सीझनची फायनल गोव्यात फातोर्ड्याला रिकाम्या स्टेडियममध्ये झाली, आणि पुढचा कोविडचा अख्खा सीझन तर गोव्यातच झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीचे कोच होते फ्रँक फरिना, २०१५ च्या पोरांच्या टीमचेही तेच कोच होते, आणि तिथे मेक्सिकोविरुद्ध हाफ टाईमला फिजी १-० पुढे होती, गोल रॉय कृष्णाचा. नंतर १-५ हरले ते वेगळं.

आता नियमाचं एक महत्त्वाचं. २०१७ च्या वर्ल्ड कपपासून ओशनियाला एकाऐवजी दोन जागा मिळाल्या. वरवर एवढीशी गोष्ट, पण स्पर्धेचं गणितच पालटलं. आधी ग्रुप, मग सेमीफायनल आणि फायनल अशी रचना असते, आणि दोन्ही फायनलिस्ट वर्ल्ड कपला जातात, म्हणजे खरी जीवघेणी मॅच फायनल नाही, सेमीफायनल. सेमी जिंकली की तिकीट हातात, हरली की दोन वर्षं वाट बघा, आणि तोवर वय निघून जातं, त्या पोराला दुसरा चान्स नसतो. सेमीच्या शेवटच्या शिट्टीनंतर पोरं मैदानावर आडवी पडून रडतात, जिंकलेलीही आणि हरलेलीही, त्यामागे हे आहे. न्यूझीलंडनं २०१६, २०१८, २०२२ आणि २०२४ अशा सलग चारही स्पर्धा जिंकल्यात, त्यामुळे दुसरी जागा नसती तर बाकीचे आजही दाराबाहेरच उभे असते.

त्या दुसऱ्या जागेवर पहिला गेला वानुआतु. सप्टेंबर २०१६ ची स्पर्धा त्यांच्याकडेच होती. मार्च २०१५ मध्ये पाम नावाच्या चक्रीवादळानं हा देश झोडपून काढला होता, राजधानी पोर्ट व्हिलासकट, आणि त्यानंतर दीड वर्षात पोरांनी फायनल गाठली. २० मे २०१७ ला दक्षिण कोरियात त्यांची पहिली मॅच मेक्सिकोशी. मेक्सिको २-० पुढे. मग रोनाल्डो विल्किन्सनं एक काढला, बाँग कालोनं दुसरा, २-२! तीन लाखांचा देश बारा-तेरा कोटींच्या देशाला बरोबरीत धरून उभा, नव्वद मिनिटं संपली, इंज्युरी टाईम चालू, आणि तेवढ्यात एडसन अल्वारेझनं मेक्सिकोचा तिसरा मारला. हाच अल्वारेझ पुढे नेदरलँड्सच्या आयॅक्स क्लबला गेला, मेक्सिकोचा कॅप्टन झाला. नंतर जर्मनीविरुद्ध ०-३ मागे असताना बाँग कालोनं दोन मारून पुन्हा २-३ केलं. व्हेनेझुएलानं मात्र ७-० हरवलं आणि तेच व्हेनेझुएला त्या वर्षी फायनलपर्यंत गेले. गुण शून्य, पण मेक्सिको आणि जर्मनीशी एकेका गोलानं हरणं हे काय आहे ते त्या बेटांवरच्या माणसांना विचारा.

२०१८ ला न्यूझीलंडबरोबर ताहिती गेली. २०१९ ला पोलंडमध्ये सेनेगलच्या अमादू साग्नानं त्यांच्यावर दहा सेकंदांच्या आत गोल मारला, या वर्ल्ड कपच्या इतिहासातला सगळ्यात झटपट गोल. त्याच वर्ल्ड कपमध्ये न्यूझीलंडनं नॉर्वेला, ज्यांच्याकडे हालांड होता, २-० हरवलं, आणि त्या टीममधला पंजाबी वंशाचा सरप्रीत सिंग लगेच बायर्न म्युनिकला गेला. २०२० ची स्पर्धा सामोआत ठरली होती, कोविडमुळे रद्द, वर्ल्ड कपही रद्द, आणि ज्या पोरांचं वय त्या दोन वर्षांत बसत होतं त्यांचं सगळंच गेलं, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. २०२२ ला ताहितीत न्यूझीलंडनं फिजीला फायनलमध्ये ३-० हरवलं, दोघेही २०२३ ला अर्जेंटिनाला गेले.

२०२४ ची स्पर्धा जुलैत सामोआची राजधानी आपियात. सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्या राजधान्यांत अंतर जेमतेम शे-सव्वाशे किलोमीटरचं, पण मधून वाराची रेषा जाते, २०११ च्या शेवटी सामोआनं एक अख्खा दिवस कॅलेंडरातून गाळून रेषेची बाजू बदलली, त्यामुळे आपियात सोमवार असतो तेव्हा शेजारच्या बेटावर रविवार. इथला प्रवासही असाच, नकाशावर दोन बेटं शेजारी दिसतात पण विमान बहुतेकदा ऑकलंड किंवा फिजीतल्या नांदीवरून फिरून. या स्पर्धेत न्यू कॅलेडोनिया फायनलला गेली. मे महिन्यात त्यांच्याकडे मतदारयादीच्या कायद्यावरून मोठी दंगल झाली होती, राजधानी नुमेआत जाळपोळ, कर्फ्यू, आणीबाणी, आणि त्यानंतर दोन महिन्यांत ही पोरं सामोआत सेमीफायनल जिंकत होती. फायनल ०-४ हरले, पण २०२५ च्या चिलीच्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं, अंडर-२० मध्ये त्यांचं पहिलंच. चिलीत अमेरिकेनं ९-१ हरवलं, दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्सकडूनही हरले.

न्यू कॅलेडोनियाची पोरं भारतात येऊन गेलीत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसेल. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडे झाला, तेव्हा नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंडच्या मॅचेस होत्या, त्यामुळे मुंबईकरांना ओशनिया म्हणजे न्यूझीलंड एवढंच दिसलं. न्यू कॅलेडोनिया गुवाहाटीला खेळत होती, पहिल्या मॅचमध्ये फ्रान्सकडून १-७, मग होंडुरासकडून ०-५. शेवटची मॅच कोलकात्यात, सॉल्ट लेकवर, समोर जपान. जपाननं सातव्याच मिनिटाला गोल केला. ८३ व्या मिनिटाला येकोब येनोनं तो फेडला, १-१. सतरा वर्षांच्या आतल्या त्या पोरांनी वर्ल्ड कपमधला आपल्या देशाचा पहिला गुण कोलकात्यात मिळवला, आणि येनो पुढे युरोपात रोमानियाच्या लीगपर्यंत पोचला.