पाळीव सापाचे विलगीकरण (कोकण किनारपट्टी)

नव्याने घरी आणलेला साप घरातील इतर सापांपासून, त्यांच्या साहित्यापासून आणि शक्य तेवढा माणसांच्या वर्दळीपासूनही ठरावीक काळ वेगळा ठेवून त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीस पाळीव सापाचे विलगीकरण म्हणतात. सापांचे बरेचसे आजार दीर्घकाळ लक्षणांवाचून अंगात मुरून राहतात. वरवर धडधाकट दिसणारा साप परजीवी किंवा विषाणू बाळगून असू शकतो आणि विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत या पद्धतीला दोन कारणांनी वेगळे वळण मिळते. येथील दमट हवा सापाच्या अंगावरील परजीवींना मानवते आणि घराच्या गडग्यापलीकडे रानटी सापांची वस्ती दाट असते. त्यामुळे जुन्या पाळीव सापाला नव्यापासून जपणे एवढ्यावर येथील विलगीकरण संपत नाही. आतला रोग बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये, अशा दोन्ही बाजूंनी ते पाळावे लागते.

कायदेशीर मर्यादा : भारतातील रानटी सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. नाग, घोणस, धामण, अजगर किंवा मांडूळ पकडून घरी पाळणे हा गुन्हा आहे. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मांडूळ बाळगल्याने धनलाभ होतो या समजुतीपायी कोकणात या निरुपद्रवी सापाची चोरटी विक्री चालते. तिचा सर्पपालनाशी काही संबंध नाही. पाळण्यासाठी विचारात घेता येतात ते कॉर्न स्नेक, बॉल पायथन, बोआ यांसारखे परदेशी, बंदिस्त अवस्थेत जन्मलेले बिनविषारी साप. त्यांपैकी बॉल पायथन आणि बोआ हे साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात. अशा प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली असून २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ती परिवेश या संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्रांचा हा मुद्दा विलगीकरणाशीही जोडलेला आहे. पावती आणि पैदाशीचा दाखला नसताना स्वस्तात मिळणारा साप रानातून पकडलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि रानातून पकडलेल्या सापाच्या आतड्यात व फुप्फुसात परजीवी असण्याची शक्यता बंदिवासात जन्मलेल्यापेक्षा बरीच जास्त असते.

प्रवास आणि आगमन : साप सुती पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि ती हवेसाठी छिद्रे असलेल्या कडक डब्यात ठेवावी. मुंबई-गोवा महामार्गावर जेवणासाठी थांबताना बंद गाडीत साप ठेवून जाऊ नये, कारण उन्हात उभ्या गाडीतील तापमान थोड्याच वेळात सापाला मारक ठरण्याइतके चढते. मार्च ते मे या महिन्यांत प्रवास पहाटे किंवा रात्री करावा. बसच्या टपावरून किंवा पार्सल म्हणून साप मागवणे सर्वथा चुकीचे आहे. साप आणण्यापूर्वीच त्याची पेटी लावून एक-दोन दिवस तिचे तापमान पाहावे. प्रवासात वापरलेली पिशवी घरी आल्यावर उकळत्या पाण्यात टाकावी आणि डबा धुवून उन्हात ठेवावा; तो जुन्या सापांच्या खोलीत नेऊ नये.

खोली आणि पेटी : विलगीकरणासाठी वेगळी खोली असणे उत्तम. एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत पेट्या ठेवल्याने विलगीकरण होत नाही, कारण माइट (सापाच्या अंगावरील अगदी बारीक परजीवी) भिंतीवरून चालत जातात आणि श्वसनाचे विषाणू शिंतोड्यांतून व हाताळणीतून पसरतात. कौलारू घरातील माळा उन्हाळ्यात तापतो, पडवीत मुंग्या आणि पाली मोकळ्या फिरतात, तर न्हाणीघर सदा ओले असते. त्यामुळे उत्तरेकडची, कमी वापरातील आतली खोली सोयीची पडते. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीतील भोके आणि दाराखालची फट आधी बुजवावी. सापाचे डोके जिथून जाते तिथून उरलेले अंगही जाते, आणि पिलाच्या डोक्याला करंगळीएवढी जागा पुरते.

पेटी जेवढी साधी तेवढी चांगली. घट्ट झाकणाचा, बाजूंना छिद्रे असलेला प्लास्टिकचा डबा, तळाला पांढरा छापविरहित कागद, लपायला दोन उलटी खोकी आणि एक जड पाण्याचे भांडे एवढे पुरते. कोकणात नारळाचा भुसा फुकट मिळतो आणि विलगीकरण संपल्यावर तो वापरण्यास हरकत नाही. या काळात मात्र तो टाळावा, कारण त्यात माइट, विष्ठेचा बदललेला रंग आणि उलटून टाकलेले भक्ष्य लपून जाते. बॉल पायथनला उबदार बाजूस ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूस २५ ते २७ अंश तापमान लागते, तर कॉर्न स्नेकला उबदार बाजूस २८ ते ३० अंश पुरतात. किनाऱ्यावर वर्षातील बराच काळ खोलीचे तापमानच याच्या आसपास असते. त्यामुळे थर्मोस्टॅटशिवाय उष्णतेची गादी लावणे थंडीपेक्षा अधिक धोक्याचे ठरते. मे महिन्यात पारा ३५ अंशांवर गेला तर तापवण्याऐवजी पेटी थंड कशी ठेवावी याचाच विचार करावा लागतो.

घरगुती वापरातील काही वस्तू सापाला विषारी आहेत आणि नेमक्या त्याच सवयीने वापरल्या जातात. काळे फिनाइल, डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल आणि झुरळांवरचे फवारे विलगीकरणाच्या खोलीत अजिबात आणू नयेत; धूप व अगरबत्तीचा धूरही तेथे नको. पेटी साबणाने धुवून नंतर ब्लीचच्या सौम्य द्रावणाने (एक भाग ब्लीच, दहा ते तीस भाग पाणी) पुसावी, दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने धुवून पूर्ण वाळवावे. साप त्या वेळी दुसऱ्या डब्यात, शक्यतो खोलीबाहेर असावा.

माइट : कोकणात नव्या सापाबरोबर येणारा सर्वांत संभाव्य पाहुणा म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा रक्त शोषणारा माइट होय. पूर्ण वाढलेली मादी मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान आणि काळपट असते. रक्त पिऊन झाल्यावर ती सापावरून उतरते, वर आणि अंधाऱ्या फटींकडे जाते व तेथे अंडी घालते. म्हणूनच सापाला कितीही औषध लावले तरी पेटीचे झाकण, कडांच्या खाचा आणि मागची भिंत सोडून दिल्यास माइट परत येतात. सुमारे २५ ते ३० अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता ही त्यांच्या वाढीची आवडती स्थिती. अशा हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण दोन आठवड्यांत पुरा होतो. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-मालवण पट्ट्यातील घरांत नेमकी हीच हवा असते. कोरड्या प्रदेशात अंडी सुकून जातात, ती मदत येथे मिळत नाही. तेव्हा नवा साप आणायचाच असेल तर तो दसरा-दिवाळीनंतर, हवा कोरडी होऊ लागल्यावर आणावा. पावसाच्या तोंडावर आणलेल्या सापाचे विलगीकरण सर्वांत अवघड हंगामात पार पाडावे लागते.

माइट आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी साप हळूच ओलसर पांढऱ्या कापडाच्या घडीतून सरकू द्यावा आणि कापड उजेडात न्याहाळावे. हलणारे काळे ठिपके, चिरडल्यावर तांबूस डाग आणि राखेसारखी पांढरी धूळ (ही त्यांची विष्ठा असते) या खुणा पुरेशा आहेत. डोळ्याभोवतीची कड, हनुवटीखालची खाच आणि शेपटीच्या बुडाशी असलेले गुदद्वार या जागा विशेष पाहाव्यात. साप तासन्‌तास पाण्यात बसून राहत असेल आणि भांड्याच्या तळाशी काळे कण जमत असतील तर शंका जवळजवळ खरी समजावी. गुरांच्या गोचिडांवर वापरली जाणारी द्रावणे गोठ्यात हाताशी असतात, पण ती सापाला लावणे प्राणघातक ठरू शकते. औषध आणि त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. दुधाच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडते. पेटीच्या स्टुलाच्या चारही पायांखाली साबणाचे चार थेंब टाकलेले पाणी ठेवले आणि स्टूल भिंतीपासून वीतभर दूर ठेवले की मुंग्या येत नाहीत आणि माइटनाही बाहेर पडणे कठीण होते.

आहार आणि नोंदी : पहिले पाच ते सात दिवस सापाला हात लावू नये, फक्त पाणी बदलावे. त्यानंतर गोठवलेला, पैदाशीचा उंदीर फ्रिजमध्ये वितळवून कोमट पाण्याने उबदार करून द्यावा. घरात पकडलेला उंदीर, बेडूक किंवा पाल कदापि देऊ नये. त्यातून परजीवी येतातच, शिवाय वाडीत टाकलेल्या उंदराच्या विषाचाही धोका असतो. वादळात वीज गेल्यास गोठवलेला साठा आधी नासतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. वितळून पुन्हा गोठलेले भक्ष्य टाकून द्यावे; निरोगी प्रौढ साप एक-दोन आठवडे उपाशी सहज राहतो. भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवस आणि एकूण दोन-तीन वेळा नीट खाईपर्यंत साप हाताळू नये. वहीत तारीख, वजन, खाणे, विष्ठा आणि कात यांची नोंद ठेवावी. बॉल पायथन आठवडेच्या आठवडे खात नाही, पण वजन टिकून असेल तर घाबरण्याचे कारण नसते. वजन दहा टक्क्यांनी घटले तर मात्र थांबू नये.

आजार आणि कालावधी : तोंडात चिकट स्राव, तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे ही श्वसनरोगाची लक्षणे आहेत, पायथनमध्ये निडोव्हायरस हे त्याचे एक गंभीर कारण असते. भक्ष्य वारंवार उलटून पडणे आणि शरीराच्या मध्यभागी फुगवटा दिसणे या खुणा क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस या आदिजीवाकडे बोट दाखवतात. त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि त्याच्या पुटिका (टणक कवचातील अंड्यासारखी अवस्था) सामान्य ब्लीचने मरत नाहीत, म्हणून अशा पेटीतील लाकडी वस्तू वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. बोआ आणि पायथन यांच्यातील अंतःस्थ कणिका रोग रेप्टअरेना विषाणूंमुळे होतो. बोआ तो वर्षानुवर्षे लक्षणांवाचून बाळगू शकतो, तर पायथनमध्ये मान वाकडी होणे, उलटे पडल्यावर सरळ न होता येणे अशी चेतासंस्थेची लक्षणे लवकर दिसतात. ओल्या कागदावर दिवसेंदिवस पडून राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले तांबूस होऊन त्यावर फोड येतात. पावसाळ्यात कागद रोज चाचपून पाहावा.

तीस दिवसांचे विलगीकरण माइटसाठी कसेबसे पुरते, विषाणूंसाठी नाही. किमान ९० दिवस आणि बोआ-पायथनसाठी शक्य असल्यास सहा महिने हा कालावधी योग्य. या काळात विष्ठेची तपासणी काही आठवड्यांच्या अंतराने तीनदा करावी, कारण परजीवींची अंडी प्रत्येक वेळी विष्ठेत उतरत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक किनाऱ्यावर विरळ आहेत आणि बहुतेकांना मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. साप आणण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवणे हे विलगीकरणाचे पहिले काम मानावे.

रानटी साप आणि सर्पमित्र : घरी साप पाळणारा माणूस गावात बहुधा सर्पमित्र म्हणूनही ओळखला जातो आणि कोणाच्या विहिरीत धामण पडली की हाक त्यालाच येते. येथेच विलगीकरण हमखास मोडते. रानटी साप पकडलेली काठी, पिशवी आणि अंगातला सदरा घेऊन तो तसाच पाळीव सापांच्या खोलीत शिरतो. दोन्ही कामांची साधने पूर्णपणे वेगळी असावीत, बाहेरून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत आणि सोडवलेला साप घरी रात्रभर ठेवण्याऐवजी वन विभागाला कळवून मोकळा करावा. राज्याच्या वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी यासाठी आहे. घरात कामाचा क्रम नेहमी आधी जुने साप, शेवटी नवा असा ठेवावा.

उलट दिशेचा धोका कमी नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडात बर्मी अजगरांबरोबर आलेला रायलिएटिएला ओरिएंटॅलिस हा फुप्फुसातील परजीवी तेथील स्थानिक सापांमध्ये पसरला आहे. सह्याद्री आणि किनारा यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत सापांच्या कितीतरी जाती नांदतात; तेथे आजारी किंवा नकोसा झालेला परदेशी साप सोडून देणे अक्षम्य आहे. पेटीतील कागद आणि विष्ठा उकिरड्यावर किंवा गांडूळखतात न टाकता जाळावी आणि धुण्याचे पाणी व्हाळात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये.

माणसांची काळजी : सापाच्या आतड्यात साल्मोनेला जीवाणू सर्रास असतात. म्हणून पेटी स्वयंपाकघरातील मोरीत धुवू नये, हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना या कामापासून दूर ठेवावे. साप पेटीतून निसटल्यास घ्यावयाची खबरदारी कोकणात विशेष महत्त्वाची आहे. तपकिरी ठिपक्यांचा बॉल पायथन आणि घोणस अंधारात सारखेच भासतात, आणि फुरसे तर किनाऱ्याच्या कातळांवर मुबलक आढळते. अंगणात दिसलेला साप आपलाच आहे असे समजून हात घातल्यास प्राणावर बेतू शकते. तेव्हा विजेरीशिवाय आणि काठीशिवाय शोध घेऊ नये, शेजाऱ्यांना पाळीव सापाची कल्पना आधीच द्यावी आणि चावा झालाच तर साप कोणता याचा खल न करता लगेच प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

विलगीकरणाची समाप्ती आणि मृत्यू : तपासण्या स्वच्छ आल्या, वजन वाढले, निदान दोन वेळा कात अखंड निघाली आणि माइटचा मागमूस नाही, असे झाले की साप नेहमीच्या पेटीत हलवावा. मधल्या काळात त्याच खोलीत दुसरा नवा साप आणल्यास दोघांचेही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. साप दगावल्यास तो गोठवू नये. फ्रिजच्या साध्या कप्प्याइतक्या थंडीत, बर्फाच्या पेटीतून तो २४ तासांच्या आत शवविच्छेदनासाठी पोहोचवावा, कारण गोठल्याने ऊती फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालचे निदान अवघड होते. निदान हाती येईपर्यंत घरातील उरलेले सर्व साप विलगीकरणात आहेत असे धरून चालावे आणि त्यांपैकी एकही विकू किंवा कोणास देऊ नये.