केंद्रीय दलाविरुद्ध मानवाधिकार आयोगाकडे तक्रार : अर्ज नेमका कुठे अडतो

लष्कर, सीआरपीएफ, बीएसएफ यांच्या जवानांनी मारहाण केली, उचलून नेलं किंवा कुणाचा जीव गेला, तर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करता येते. पीडितानं करावी किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी. फी नाही, वकील लागत नाही, मराठीतून लिहिलेलं चालतं. पोस्टानं पाठवा किंवा ऑनलाइन भरा.

आता अडतं कुठे ते. पहिला घोळ वर्दीचा. गडचिरोलीत सी-६० हे राज्य पोलिसांचं पथक आणि सीआरपीएफ केंद्राचं. कारवाई मात्र अनेकदा एकत्र. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ मध्ये ‘सशस्त्र दल’ म्हणजे फक्त लष्कर-नौदल-हवाईदल नाही, केंद्राची इतर सशस्त्र दलंही त्यात येतात. त्यांच्यासाठी कलम १९ आहे आणि ते राज्य आयोगाला लागू नाही. लोक जवळचं म्हणून मुंबईच्या राज्य आयोगाकडे अर्ज टाकतात. तिथे तो पडून राहतो, आणि राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. दोन्ही दारं बंद! तेव्हा केंद्रीय दलाची तक्रार थेट दिल्लीला, राष्ट्रीय आयोगाकडे.

दुसरं, मुदत एक वर्षाची. ती घटनेच्या तारखेपासून मोजतात. शवविच्छेदन अहवाल हाती आला किंवा पोलिसांनी फाईल बंद केली त्या तारखेपासून नाही. ‘साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे, थांबा’ यावर विसंबून वर्ष घालवू नका.

तिसरं, कुणाकडेच नसलेला कागद : माणसाला नेलं त्या वेळचा पुरावा. दल माणूस पोलिसांच्या ताब्यात देतं आणि कागदावर अटक तिथून सुरू होते. मधल्या तासांची नोंद कुठेच नसते. म्हणून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ठाण्यानं घेतला नाही तर स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. पाहणाऱ्यांची निवेदनं सही किंवा अंगठ्यासह जोडा. उपचाराचे कागद असतील तर तेही.

अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, दलाचं नाव लिहा. ‘गावावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर मोघम म्हणून परत येतं. बिनसहीचा अर्ज आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनाची नुसती झेरॉक्सही बाद होते. आयोगाच्या नावानं वेगळा अर्ज करा. तोच विषय न्यायालयात असेल तर आयोग तक्रार घेत नाही, म्हणून आयोगाकडे जायचं की न्यायालयात हे याचिका टाकण्याआधीच ठरवा.

कलम १९ खाली आयोग स्वतः तपास करत नाही, केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो. आरोप ज्यांच्या दलावर, अहवालही त्यांचाच. कायदाच तसा केलाय. खटला ही निराळी गोष्ट. अफस्पा (सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा) असलेल्या भागात त्याला केंद्राची मंजुरी लागते. नागालँडच्या ओटिंगमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये गोळीबारात नागरिक मारले गेले, पोलिसांनी आरोपपत्र ठेवलं, पण २०२३ मध्ये मंजुरी नाकारली गेली. गडचिरोलीत अफस्पा नाही, आणि आयोगाकडच्या तक्रारीला मंजुरी कुठेच लागत नाही.

कलम १९ मध्ये ‘तीन महिने’ लिहिलेत, ते भरपाई देण्याचे नव्हेत. आयोगानं शिफारस केल्यावर काय केलं हे सरकारनं कळवायची ती मुदत आहे, आणि आयोग ती वाढवू शकतो. त्यानंतर निघणाऱ्या अहवालाची प्रत तक्रारदाराला मिळायलाच हवी. नाही आली तर डायरी नंबर (तक्रार नोंदवल्यावर आयोग देतो तो क्रमांक) घालून लेखी मागा, फोनवर नको.