मॅडॉक अमेरिकेत गेला होता का?

वेल्सचा राजपुत्र मॅडॉक ११७० च्या सुमारास जहाजं घेऊन अमेरिकेत उतरला आणि तिथल्या मूळ रहिवाशांत वेल्श बोलणारी एक जमात तयार झाली, असं आजही सांगितलं जातं. हे खरं नाही. त्याचा बाप म्हणून सांगितला जाणारा राजा ओवेन ग्विनेड खरा. पण त्या काळातल्या एकाही बखरीत असा प्रवास नाही. अमेरिकेचा धागा जोडला गेला थेट सोळाव्या शतकात, इंग्लंडला स्पेनच्या आधीचा हक्क दाखवायचा होता तेव्हा. राणीचा सल्लागार असलेला विद्वान जॉन डी याने तो दाखला राणी एलिझाबेथपुढे ठेवला.

मला चटका लावतो तो जॉन इव्हान्स. हे ‘वेल्श इंडियन’ शोधायला हा तरुण १७९२ मध्ये वेल्सहून निघाला. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या सेंट लुईसला स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला तुरुंगात टाकलं. सुटल्यावर मिसुरी नदीने तो मँडन या मूळ रहिवासी लोकांपर्यंत (हेच ते ‘वेल्श इंडियन’ असं मानलं जाई) पोहोचला, त्यांच्यात हिवाळा काढला आणि १७९७ मध्ये स्पष्ट लिहून कळवलं: असे लोक अस्तित्वातच नाहीत. मँडन भाषा सू या अमेरिकेतल्याच भाषाकुळातली आहे, वेल्शशी तिचं नातं नाही. दोन वर्षांनी इव्हान्स न्यू ऑर्लिन्समध्ये वारला. तरीही १९५३ मध्ये अलाबामाच्या किनाऱ्यावर मॅडॉकच्या नावाची पाटी लागलीच.