लिनियर रेफरन्सिंग

रस्ता, पाइपलाइन, रेल्वेचे रूळ अशा लांबलचक गोष्टींवरची जागा अक्षांश-रेखांशात न सांगता "कुठली लाइन आणि तिच्या शून्यापासून किती अंतर" अशी सांगायची पद्धत म्हणजे लिनियर रेफरन्सिंग. साइटवरचे इंजिनीअर याला चेनेज म्हणतात, चेनेज २+३५० म्हणजे २ किलोमीटर ३५० मीटर.

ठाणेकरांना हे रोज दिसतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ते अंतर साधारण ३४ किमी, आणि मध्य रेल्वेचे किलोमीटर आजही सीएसएमटीपासूनच मोजतात, रुळाशेजारच्या ओव्हरहेड वायरच्या खांबावर किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहिलेला असतो ना, तेच हे. रुळाला तडा दिसला की खांब नंबर कळवला जातो आणि गँग बरोबर तिथेच पोचते.

डेटाबेसमध्ये हे करताना रेषेच्या प्रत्येक बिंदूला एक्स आणि वायसोबत एम नावाची तिसरी किंमत देतात, एम म्हणजे मेझर (मोजमाप), त्या बिंदूपर्यंतचं अंतर. मग वाशी ते बेलापूर पाम बीच रोड ही साधारण १० किमीची एकच रेषा ठेवायची आणि वेगमर्यादा, डांबर, दिव्याचे खांब यांची वेगवेगळी टेबलं करायची, प्रत्येकात फक्त रस्त्याचा आयडी, कुठून आणि कुठपर्यंत. रेषेचे तुकडे पाडायचे नाहीत, नकाशा काढायच्या वेळी डेटाबेस हवा तो तुकडा स्वतः कापून देतो, याला डायनॅमिक सेगमेंटेशन म्हणतात. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा इथेच आहे, कारण तुकडे पाडत बसलं की दोन वर्षांत एका रस्त्याच्या दोनशे रेषा होतात आणि त्या कोणालाच सांभाळता येत नाहीत.

पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा डेटा हाताळायला जोडतात त्या भागात, एसटी_लाइनलोकेटपॉइंट हे फंक्शन बिंदू रेषेवर कुठे येतो ते ० ते १ मध्ये सांगतं, एसटी_लाइनइंटरपोलेटपॉइंट उलटं काम करतं, एसटी_लाइनसबस्ट्रिंग तुकडा देतं, आणि एम भरलेला असेल तर एसटी_लोकेटअलाँग दिलेल्या एमचा बिंदू देतं. ओरॅकल या डेटाबेसमध्येही अशी सोय आहे, आणि आयएसओ १९१४८ हे याचं स्टँडर्ड २०१२ मध्ये आलं. डेटा आधी मीटरच्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडायच्या पद्धतीत आणायचा, ठाणे-नवी मुंबईला त्यातलं यूटीएम झोन ४३ उत्तर चालतं. अंशांत मोजलं तर उत्तर चुकतं कारण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किमी आणि अक्षांशाचा जवळपास १११ किमी भरतो.

चुका बहुतेक शून्यावरून होतात. घोडबंदर रोडचं शून्य एकाने माजिवड्याला धरलं आणि दुसऱ्याने कापूरबावडीला, तर दोघांचाही खड्डा कागदावर बरोबर आणि डांबराची गाडी मात्र भलतीकडे. रेषा उलट्या दिशेने काढली असेल तर ०.२ चं ०.८ होतं. पाइपलाइनचं तर आणखी वेगळं, मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन मोठ्या मेन लाइनने नवी मुंबईत येतं, अशा लाइनवर एअर व्हॉल्व्ह, स्कावर व्हॉल्व्ह (लाइन रिकामी करायचा), चेंबर सगळं चेनेजवरच शोधतात कारण पाइप जमिनीखाली असतो आणि वर बघून काही कळत नाही. त्यात चढ असेल तर नकाशावरची लांबी कमी भरते, १० टक्के चढावर नकाशातल्या १००० मीटरला पाइप १००५ मीटर लागतो. म्हणून जागेवर खात्रीने माहीत असलेल्या खुणांना, म्हणजे किलोमीटरचा दगड, चेंबर वगैरेंना, त्यांचं नोंदवलेलं चेनेज पक्कं चिकटवतात आणि मधलं अंतर त्या प्रमाणात वाटून देतात, याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि हे काम टाळलं की पुढचं सगळं वाया जातं.

रस्ता सरळ केला की अजून एक प्रश्न येतो. ६ ते ८ किलोमीटरमधलं वळण काढलं आणि ३०० मीटर कमी झाले, तर पुढचे सगळे दगड बदलायचे का? बदलले तर जुन्या सगळ्या नोंदी सरकतात. त्यापेक्षा त्या जागी "मागचं ७+७०० = पुढचं ८+०००" असं चेनेज इक्वेशन लिहून ठेवतात, पुढचे नंबर आहेत तसेच राहतात, फक्त रस्त्याची एकूण लांबी काढताना ते ३०० मीटर वजा करायचे.